विचारलेल्या पोरीचा चेहरा

मार्तंड मूर्तिकाराची उजवी मूठ अनंत चतुर्दशीनंतर चौथ्या दिवशी मिटली, ती मिटलीच. सकाळी परसात तोंड धुवायला बसला, तांब्या उचलला, तो हातातून निसटून दगडावर आपटला आणि मागोमाग मार्तंडही आडवा झाला. लकवा. झाशीच्या दवाखान्यात तीन आठवडे काढून घरी आला तेव्हा पाय ओढत का होईना चालत होता, जीभ जड पण कामापुरती वळत होती. हात मात्र कोपरात मुडपून छातीशी बसला होता आणि मुठीतली बोटं कुणी सोडवायला गेलं तर आणखीच आवळायची.

त्याच्या खापरपणज्याला मराठ्यांच्या अमदानीत गणपती घडवायला म्हणून देशावरून इकडं आणलं, असं घरात सांगत. खरंखोटं देव जाणे. पण पहूज नदीच्या काठच्या त्या गावात बुंदेली बोलणाऱ्या शंभर उंबऱ्यांत मराठी बोलणारं हे एकच घर, आणि झाशीत खंडेराव गेटजवळच्या मराठी घरांतले गणपती न् गौरींचे मुखवटे अजून याच अंगणातून जात. घरात माणसं तीन. मार्तंड, बायको यमुनाबाई आणि मुलगी सरला. सरला सव्वीस वर्षांची. लग्नानंतर दीड वर्षात नवरा तापानं गेला, तेव्हापासून सहा वर्षं ती बापाच्या घरी होती. तळ्यातून माती आणायची ती, चाळायची ती, पायांनी मळायची ती. मूर्तीचं अंगही तीच धरायची. तोंड तेवढं मार्तंड स्वतः करायचा आणि लोक नाव मार्तंडाचं घ्यायचे. त्यात कुणाला काही वावगं दिसत नव्हतं, मार्तंडाला तर मुळीच नाही.

आजारपणातच त्याची धाकटी बहीण राधाबाई खंडेराव गेटहून सरलासाठी स्थळ घेऊन आली. मऊरानीपुरच्या स्टेशनावर रुळांचे सांधे बदलणारा पॉइंट्समन असलेला दिवाकर, आपल्यातलाच, सरळ माणूस. बायको दोन वर्षांपूर्वी बाळंतपणात गेली, मूलही गेलं. त्याआधीची चार वर्षांची मुलगी आहे, कांचन नावाची. आपल्यात विधवेचा पाट लावायला कुणाची ना नाही, पौष लागायच्या आत कळवा, एवढं सांगून ती गेली.

"बघू," मार्तंड म्हणाला.

बघू म्हणायला काही लागत नाही. सरला गेली तर या घरात हात उरत नाहीत, हे त्याला पक्कं ठाऊक होतं, आणि आपल्याला हे ठाऊक आहे हे कुणाला कळू नये याचीही त्याला काळजी होती. म्हणून कधी तो दिवाकरच्या पगाराला नावं ठेवायचा, कधी सावत्रपणाला. यमुनाबाई ऐकून घ्यायची आणि त्याच्या बंडीची बटणं लावून द्यायची.

दर मंगळवारी न् शुक्रवारी सायकलवरून सिस्टर मोनिका यायची. गावाबाहेरच्या चर्चच्या दवाखान्यात ती नर्स होती, मूळची वसईकडची. तिची मराठी यमुनाबाईला निम्मीच कळायची, पण परमुलखात तेवढीही माहेरची वाटायची. सिस्टर कोमट तेल लावून मार्तंडाचं एकेक बोट उलगडायची. सोडलं की बोटं पुन्हा आपल्या जागी जायची.

"काका, डाव्या हातानं काम करायला लागा आता," ती म्हणायची.

"डावा हात देवाच्या तोंडाला लावत नाहीत आमच्यात," मार्तंड म्हणायचा, आणि विषय संपायचा.

गव्हाला पहिलं पाणी लागलं त्या दिवसांत एका शुक्रवारी तिनं काम आणलं. नाताळाच्या आधीचे चार रविवार म्हणजे त्यांचा आगमनकाळ. वाट बघायचे दिवस. त्या दिवसांत चर्चमध्ये मांडायला मरियेची मूर्ती हवी. अडीच फूट उंच, एकटी, जमिनीवर बसलेली. पोर अजून पोटात आलेलं नाही, येणार आहे, तेव्हाची.

"कधी हवी?"

"पुढच्या शनिवारी न्यायला येते."

आठ दिवस. मार्तंडानं हो म्हटलं. गणपतीनंतर अंगणात माती पडली नव्हती, आणि मूर्तिकाराच्या घरचं अंगण कोरडं दिसलं की गाव समजायचं ते समजतं.

शनिवारी भल्या सकाळी सरला तळ्यावर गेली. पाणी एवढं गार की घोटे आधी दुखायचे, मग बधिर व्हायचे. काठापासून तीन हात आतली काळी चिकणमाती कुदळीनं काढून ती पाटीत भरी आणि डोक्यावरून आणी. अशा अकरा पाट्या झाल्या. शेजारचा लल्लू कक्का कुंपणावर टेकून बिडी ओढत होता. तो म्हणाला, "काय मारतंड, अब तो बिन्नू ई मूरतकार हो गई." बिन्नू म्हणजे पोरगी.

मार्तंड खाटेवर बसल्या बसल्या म्हणाला, "मिट्टी ढोने से कोऊ मूरतकार नईं होत." सरलानं पाटी रिकामी केली, चुंबळ सारखी केली आणि बाराव्या पाटीला गेली.

मातीतले खडे निघाले, तागाचा भुगा मिसळला, पायांखाली माती लोण्यासारखी झाली. बांबूच्या सांगाड्यावर पेंढा बांधून सरलानं अंग धरलं. मार्तंड खाटेवरून सांगायचा, खांदा उतरव, गुडघा आत घे, पदराला चुणी कमी. अंग छान उतरलं. तोंडाशी आल्यावर त्यानं फार विचार केला नाही. घरात बाईमाणसाच्या तोंडाचा साचा एकच, आजोबांच्या हातचा, गौरीचा. तो फडताळातून काढला, माती दाबली, मुखवटा धडावर बसवला. भरलेले गाल, रुंद कपाळ, मोठे शांत डोळे. शंभर वर्षं झाशीच्या मराठी बायका त्या तोंडापुढं हात जोडत आल्या होत्या. मरिया काय, गौर काय, बाईमाणसाचा देव तो देवच, असं त्याचं साधं गणित होतं.

मंगळवारी सिस्टर आली आणि मूर्तीपुढं उभी राहिली.

"सुंदर आहे, काका. पण ही आमची मरिया नाही."

"का? काय कमी आहे?"

"कमी काही नाही. जास्तच आहे. हिला सगळं ठाऊक आहे. ही घरात आलीय, लोक पाया पडणार आहेत, जेवणखाण होणार आहे, हे हिच्या तोंडावर दिसतंय. मरियेला अजून काही ठाऊक नाही. लहान गावातली गरीब पोर आहे ती. लग्न ठरलंय, झालेलं नाही. आणि देवाचा दूत येऊन सांगतो की तुझ्या पोटी देवाचा मुलगा यायचाय."

"अगं बाई," यमुनाबाई चुलीपासून म्हणाली. "लग्नाआधीच?"

"लग्नाआधीच."

मार्तंड सावरून बसला. "मग बाप काय म्हणाला?"

"बापाचं काही आलेलं नाही आमच्या ग्रंथात."

"आलेलं नाही म्हणजे? देवानं आधी बापाला कळवलं असेल की."

"नाही, काका. दूत बापाकडं गेला नाही. पंचांकडं गेला नाही. ज्याच्याशी लग्न ठरलं होतं त्याच्याकडंही आधी गेला नाही. तिच्याकडंच आला."

"हुकूम सांगायला."

"हुकूम असता तर उत्तराची वाट कशाला बघितली असती? आमच्यात असंच मानतात, की ती हो म्हणेपर्यंत देव थांबला होता. आणि तीही लगेच हो म्हणाली नाही. आधी विचारलं, की हे व्हायचं कसं. मग म्हणाली, मी देवाची दासी, त्याच्या मनात आहे तसं होऊ दे."

"नाही म्हणाली असती तर?"

"म्हणू शकली असती. म्हणून तर तिच्या होकाराला किंमत." सिस्टरनं तेलाची बाटली उघडली. "मला त्या घडीचा चेहरा हवा. तिला विचारलंय, आणि तिनं अजून उत्तर दिलेलं नाही."

यमुनाबाईनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं आणि कुणालाच उद्देशून नव्हे अशी म्हणाली, "आम्हाला नाही बाई कुणी कधी असं विचारलं."

सिस्टर गेल्यावर सरलानं गौरीचं तोंड तारेनं कापून काढलं. मार्तंड सांगत गेला, ती करत गेली. पहिला चेहरा घाबरलेला आला. मार्तंड म्हणाला, ही विंचू बघितल्यासारखी करतेय, मोड. दुसरा मागणारा आला, देवळाच्या पायरीवर बसलेल्या बायांचा असतो तसा. तोही मोडला. तिसरा इतका खूश की हळदीला बसवलेली नवरीच. दिवस मावळला. मानेला बारीक चीर पडली होती. सरलानं ती ओल्या बोटानं बुजवली आणि मूर्तीवर भिजलेलं फडकं टाकलं.

मार्तंडाला हरल्यासारखं झालं. चाळीस वर्षांत त्यानं देवाच्या तोंडावर राग आणला, माया आणली, झोपसुद्धा आणली. पण विचारलेल्या पोरीचा चेहरा त्यानं कधी बघितलाच नव्हता. यमुना अकराव्या वर्षी घरात आली, तिला कोण विचारणार? सरलाचं पहिलं लग्न राधेच्या ओसरीवर ठरलं, सुपारी फुटली, मग घरी येऊन पोरीला सांगितलं. त्यात गैर काही केलं असं त्याला वाटलं नव्हतं. सगळेच तसं करतात.

बुधवारी दुपारी राधाबाई टांग्यातून उतरली. ओसरीवर बसली, पाणी प्याली आणि मुद्द्यालाच आली. भिंतीपलीकडं सरला नवी माती मळत होती. ओल्या मातीत टाच पडल्याचा पच् पच् आवाज एका लयीत येत होता.

"दादा, दिवाकरचा निरोप आलाय. त्याला दुसरीकडूनही सांगून येतंय, पण तो आपल्यासाठी थांबलाय. आता हो की नाही ते सांग."

मार्तंडानं डाव्या हातानं उजवी मूठ धरली. "मी काय सांगू, राधे. मला काय नको आहे? सरलाच नको म्हणते."

भिंतीपलीकडचा आवाज थांबला.

यमुनाबाई चहा घेऊन दारात उभी होती. तिनं नवऱ्याकडं एकदा बघितलं, कप त्याच्या डाव्या हाताशी ठेवला आणि आत गेली.

"असं म्हणाली?" राधाबाई म्हणाली. "मग बोलणंच खुंटलं. जबरदस्ती थोडीच करायची आहे. शुक्रवारी पत्र टाकते त्याला."

पच्. पच्. टाचा पुन्हा पडू लागल्या, मघाच्याच लयीत. मार्तंडाला तेच सोसेना. पोरगी बाहेर येऊन भांडली असती, रडली असती, तर त्यानं आवाज चढवला असता आणि बापपण निभावलं असतं. ती काहीच बोलली नाही. आपलं 'नाही' त्यानं तिच्या तोंडात कोंबलं होतं आणि ती ते घेऊन त्याचीच माती मळत होती. त्याला स्वतःची शरम वाटली. संध्याकाळी यमुनाबाईनं भाकरी कुस्करून दिली, ती त्यानं तशीच बाजूला सारली.

गुरुवारी ऊन चांगलं पडलं. सरलानं मूर्ती अंगणात आणली, फडकं काढलं. धड तयार, मान तयार, तोंडाच्या जागी नुसता ओला गोळा. ती कोरणी घेऊन गुडघ्यावर बसली.

"आज कसा करू, बाबा?"

"थांब. इकडं बघ जरा." मार्तंड खाटेवरून उतरला आणि पाय ओढत तिच्यासमोर येऊन जमिनीवर बसला. बसताना तोल गेला, ती धरायला पुढं झाली, त्यानं मानेनंच नको म्हटलं. "काल मी आत्याला खोटं सांगितलं."

"ऐकलं मी."

"ऐकलंस ते कळलं मला." जीभ जड झाली होती, तो एकेक शब्द लावत बोलत होता. "दिवाकरकडं जायचंय का तुला? मी जा म्हणत नाही. राहा म्हणत नाही. तुला विचारतोय. हो म्हणालीस तरी चालेल, नाही म्हणालीस तरी चालेल. सवडीनं सांग."

सरलाची कोरणी होती तिथंच राहिली. ती घाबरली नाही. हसलीही नाही. भुवया किंचित वर गेल्या आणि ओठ उघडले, पण बोलायला नव्हे. कुणीतरी आपल्याला काही विचारून गप्प बसलंय, आपल्या तोंडाकडं बघत थांबलंय, हे तिला इतकं नवं होतं की ती आधी तेच समजून घेत होती. सहा वर्षांत त्यानं तिच्याकडं असं बघितलं नव्हतं. पोरगी सव्वीस वर्षांची आहे, आणि तिच्या डोळ्यांच्या कडांना उन्हानं बारीक रेघा पडल्यात, हेही त्याला आताच दिसलं.

"मी गेले तर माती कोण मळेल?" ती म्हणाली.

"ते मला बघू दे. आण ती कोरणी."

"कोणत्या हातानं धरणार?"

"आहे त्या."

त्यानं डाव्या हातात कोरणी घेतली. ती हातात बसेना. पहिल्याच ओढीत गाल जास्त खरवडला गेला, त्यानं शिवी हासडली, थुंकी लावून माती परत चढवली. बापानं घालून दिलेला नियम मोडताना त्याला वाटली होती तेवढी भीती वाटली नाही, कारण हात आवरण्यातच सगळा जीव गुंतला होता. सरला समोर बसून राहिली. मध्येच ती मान खाली घालून विचार करी, मध्येच दूर शेताकडं बघे, आणि तो तिच्याकडं बघून एक रेघ ओढी. यमुनाबाई दोनदा दारात आली आणि काही न विचारता परत गेली. ऊन कुंपणापलीकडं गेलं तेव्हा त्याचा खांदा भरून आला होता आणि मूर्तीला तोंड आलं होतं. नाक थोडं डावीकडं, एक गाल भरलेला, एक कमी. ओठ उघडलेले.

सरलानं ते तोंड बराच वेळ बघितलं. मग हात झटकत म्हणाली, "बाबा, मला जावंसं वाटतं. पण त्याची मुलगी मला आधी भेटू दे. तिला विचारायला हवं."

"तिला काय विचारायचं? चार वर्षांचं पोर ते."

"तिच्या घरात आई येणार आहे. तिलाही कुणी विचारलं नसेल."

मार्तंडानं कोरणी पाण्यात बुडवून पुसली.

शुक्रवारी सकाळी तो यमुनाबाईचा खांदा धरून एक्क्यात चढला आणि खंडेराव गेटला गेला. राधाबाईच्या घरी सुना होत्या, शेजारीण तांदूळ निवडत बसली होती. सगळ्यांदेखत सांगावं लागलं. "राधे, मी खोटं बोललो. सरलानं नाही म्हटलं नव्हतं. मी तिला विचारलंच नव्हतं." सुनांनी माना खाली घातल्या. राधाबाई म्हणाली, "मला कळलं होतं, दादा. तू मुठीकडं बघत बोलत होतास. म्हणून पत्र लिहायचं मागं ठेवलं होतं." मग तिनं भावाला बशीत चहा ओतून दिला, आणि त्याच्या तोंडाच्या कोपऱ्यातून ओघळला तो आपल्या पदरानं टिपला.

शनिवारी सिस्टर दवाखान्याची जीप घेऊन आली. सरलानं धगीवर सुकवून रंगवलेल्या मूर्तीचा रंग नुकता वाळला होता. ती मूर्तीपुढं बसलीच खाली.

"डाव्या हाताचं आहे," मार्तंड म्हणाला. "वाकडं झालंय."

"वाकडं आहे," ती म्हणाली. "पण हीच ती." तिनं कपाळाला, छातीला, खांद्यांना बोटं लावून खूण केली आणि डोळे पुसले. "आता वाकडं नाक बघून फादर मला काय म्हणतील ते मी बघते."

मूर्ती गवतात बसवून जीप गेली, आणि रविवारी अकराच्या सुमाराला, निरोप मिळताच निघालेला दिवाकर राधाबाईबरोबर आला. काळासावळा, हडकुळा माणूस. स्टेशनावरचा निळा कोट धुऊन घालून आला होता. ओसरीवर कसं बसावं हे त्याला कळत नव्हतं. त्याचं बोट धरून कांचन उभी होती. केसांना भरपूर तेल, भांग मात्र बापानं पाडलेला, नागमोडी. तिला मराठी कळायची, पण बोलायची ती हिंदीच.

मोठी माणसं गहू-पाण्याचं बोलू लागली. सरला मात्र तिथं थांबली नाही. ती सरळ मुलीपुढं जाऊन उकिडवी बसली, डोळ्याला डोळा येईल अशी. "कांचन, मी तुमच्या घरी राहायला आले तर चालेल का तुला? नको असेल तर नको म्हण. कुणी रागावणार नाही."

ओसरीवरचं बोलणं थांबलं. राधाबाई काही म्हणणार होती, यमुनाबाईनं तिच्या गुडघ्यावर हात ठेवला. दिवाकर मुलीला 'हाँ बोल बेटा' असं शिकवायला तोंड उघडत होता, त्याला मार्तंडानं डाव्या हातानं थांबवलं.

"तिला बोलू दे," तो म्हणाला.

कांचननं बापाचं बोट सोडलं. तिनं सरलाकडं बघितलं, तिच्या फुटलेल्या टाचांकडं बघितलं, पुन्हा तोंडाकडं बघितलं. घाई तिला काहीच नव्हती.

"तुम चली तो नहीं जाओगी?" तिनं विचारलं.

सरलाचा नवरा दीड वर्षात सोडून गेला होता. या पोरीची आईही गेली होती. खोटं बोलणं सोपं होतं, आणि समोर चार वर्षांचं पोर होतं, त्याला ते चाललंही असतं.

"अपने मन से कभी नहीं जाऊँगी," सरला म्हणाली. "इतकं सांगू शकते."

कांचन ते तोलत उभी राहिली. ओसरीवरची चार मोठी माणसं एका पोरीच्या तोंडाकडं बघत थांबली होती, आणि 'नाही' आलं असतं तर तेही घ्यायला मार्तंड तयार झाला होता.

"हओ," कांचन म्हणाली, बुंदेली पोरं 'हो' म्हणतात तसं, आणि वाकडा भांग सरळ करून घ्यायला ती सरलाकडं पाठ करून बसली.